हिरवळीला पाणी संध्याकाळी द्यावे की पहाटे? आकाशनिरीक्षकाच्या नजरेतून

ज्या उद्यानाच्या हिरवळीवर रात्री दुर्बिणी लागतात, तिथे पाणी देण्याच्या दोनच वेळा व्यवहार्य ठरतात : निरीक्षक जमण्यापूर्वी, सूर्यास्ताच्या सुमारास, किंवा ते पांगल्यानंतर, पहाटे. आमच्या गटाने उद्यान व्यवस्थापनाशी बोलून एक हंगाम संध्याकाळच्या वेळेवर काढला आणि नंतर पहाटेची वेळ मागून घेतली.

संध्याकाळची बाजू अगदीच लंगडी नाही. माणसे जागी असताना पाणी सुटत असल्यामुळे एखादा स्प्रिंकलर तुटला किंवा व्हॉल्व्ह अडकला तर लगेच लक्षात येते, आणि मध्यरात्री अंगावर अचानक फवारा येण्याची धास्ती राहत नाही. दव मात्र जास्त धरते. ओल्या गवतालगतची हवा दमट राहते आणि उघड्या आकाशाखाली दुर्बिणीची काच हवेपेक्षाही थंड होते. तरीही नळीला दवरोधक आवरण लावून आम्ही ते निभावून नेत होतो.

निभले नाही ते तिपाईचे खचणे. मुरलेल्या पाण्याने माती मऊ झालेली असते आणि दुर्बिणीच्या वजनाने तिपाईचा एखादा पाय इतका हळू रुततो की डोळ्याला काहीच दिसत नाही. पायांमध्ये साधारण एक मीटर अंतर असेल, तर एक पाय एक मिलिमीटर खाली गेला तरी दुर्बिणीचा रोख तीन-चार कलांनी (कला म्हणजे एका अंशाचा साठावा भाग) ढळतो, आणि कड्यांसकट शनी एका कलेतही मावतो. रांगेतल्या मुलाने नेत्रिकेला डोळा लावावा, ‘काहीच दिसत नाही’ म्हणावे आणि मी पुन्हा शनी शोधायला बसावे, हे एकाच रात्री इतक्यांदा घडले की मला आकाशापेक्षा जमिनीचाच राग येऊ लागला. पायांखाली फळ्या ठेवून पाहिल्या. खचणे कमी झाले, थांबले नाही.

पहाटेच्या वेळेचा तोटा उघड आहे. उल्कावर्षाव पाहणाऱ्यांना मध्यरात्रीनंतरचेच तास हवे असतात, आणि वीज जाऊन टायमरचे घड्याळ चुकले तर सतरंजीवर पहुडलेल्यांची धांदल उडते. पहिल्या अडचणीवर तोडगा सोपा निघाला : 12-13 ऑगस्ट आणि 13-14 डिसेंबर या ययाती आणि मिथुन उल्कावर्षावांच्या रात्री पाण्याची पाळी वगळायची. खोलवर पाणी मिळालेल्या गवताला एका पाळीचा खाडा जाणवत नाही, असे आमच्या माळीकाकांचेच म्हणणे पडले. शिवाय संध्याकाळी भिजलेली पाती रात्रभर ओली राहून बुरशी धरतात, तर पहाटेचे पाणी दवातच मिसळते आणि ऊन चढताच वाळते. त्यामुळे व्यवस्थापनाचे मन वळवायला आम्हाला आकाशाची फारशी वकिली करावी लागली नाही.

ज्यांचे निरीक्षण फक्त द्विनेत्रीतून किंवा नुसत्या डोळ्यांनी चालते, त्यांना कदाचित संध्याकाळची वेळही चालून जाईल. तिपाईवर मोठी दुर्बीण लावणाऱ्याने मात्र, माझ्या मते, पहाटेचाच आग्रह धरावा आणि सोबत एक विनंती करावी : पाणी दूरच्या पट्ट्यापासून सुरू व्हावे, निरीक्षणाच्या जागेची पाळी शेवटी यावी. आमच्याकडे आता पलीकडच्या कोपऱ्यातून स्प्रिंकलरची पहिली फुसफुस ऐकू आली की आम्ही दुर्बिणीवर झाकण चढवतो.