गाडी टकटक करते पण चालू होत नाही: बॅटरी बदलायची की सेल्फ खोलायचा?

चावी फिरवली की डॅशबोर्डचे दिवे लागतात, बोनेटखालून टकटक येतं आणि इंजिन काही फिरत नाही, अशा वेळी पार्किंगमधे उभा असलेला प्रत्येक जण सांगतो "बॅटरी गेली". बऱ्याचदा ते खरंही असतं, पण मी त्या एका वाक्यावर 4500 रुपये घालवलेत म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

गेल्या पावसाळ्यात कोथरूडला आमच्या बिल्डिंगखाली, आई डॉक्टरकडे जायला तयार होऊन मागच्या सीटवर बसलेली आणि गाडी नुसती टक करून गप्प. बॅटरीवाल्याला बोलावलं, त्याने काही न तपासता नवी बसवली, योगायोगाने गाडी चालूही झाली, आणि बारा दिवसांनी परत तेच. मग नाना पेठेतल्या एका वायरमनने सेल्फ (इंजिन फिरवून चालू करणारी स्टार्टर मोटर) खोलून दाखवला तर आतले कार्बन (मोटरला करंट पोचवणारे, घासून झिजणारे तुकडे) नखाएवढे उरलेले. कार्बन आणि मजुरी मिळून 1400 लागले, म्हणजे बॅटरी बदलायची गरजच नव्हती.

तर आधी आवाज ऐका. भराभर टकटकटकटक येत असेल तर बॅटरी बसलीय किंवा टर्मिनल नीट चिकटलेलं नाही, कारण सॉलेनॉइड (सेल्फला करंट जोडणारा चुंबकी स्विच) ओढला जातो, सेल्फने करंट मागितला की व्होल्टेज कोसळतं, सॉलेनॉइड सुटतो, व्होल्टेज परत वर येतं आणि तो परत ओढला जातो. एकच जाड "टक" येऊन शांतता असेल तर संशय सेल्फवर.

नुसत्या आवाजावर मात्र पैसे काढू नका. हेडलाइट लावा, समोरच्या भिंतीवर उजेड पाडा आणि कोणालातरी चावी मारायला सांगा. उजेड एकदम मंद झाला किंवा विझला तर बॅटरी नाहीतर टर्मिनल (क्वचित जाम झालेला सेल्फही असं करतो), उजेड तसाच राहिला आणि एकच टक आली तर सेल्फ किंवा त्याची वायर. "लाइट लागतायत म्हणजे बॅटरी चांगली" हे लोक ठामपणे सांगतात आणि ते चूक आहे, साधे दोन हॅलोजन बल्ब मिळून नऊ-दहा अँपिअर खातात, सेल्फला शंभराच्या वर लागतात. मल्टीमीटर असेल तर रात्रभर उभ्या गाडीत 12.6 व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, 12.2 म्हणजे साधारण अर्धी, आणि चावी मारताना 9.6 च्या खाली गेली तर ती दमलीय.

आणि पैसे न लागणारा उपाय आधी करा. टर्मिनल हाताने हलवून बघा, जराही हललं तर तिथेच घोळ असू शकतो. पांढरी-हिरवी पावडर साठली असेल तर आधी मायनस काढा मग प्लस, पाण्यात खायचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशने घासा, फसफसून निघते, कोरडं पुसा आणि लावताना प्लस आधी. बॅटरीची मायनस वायर बॉडीला जिथे बोल्टने बसते तिथला गंजही बघा, पुण्याच्या पावसात बाहेर उभ्या राहणाऱ्या गाड्यांमधे हे हमखास राहून जातं.

आता जंप (दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला वायर जोडून करंट घेणं) की धक्का? जंप दिल्यावर लगेच चालू झाली तर दोष बॅटरीकडे, जंप देऊनही तीच एक टक आली तर सेल्फकडे, म्हणून जंप ही स्वतःच एक चाचणी आहे आणि मी आधी तेच करतो. लाल वायर आपल्या प्लसला, मग दुसऱ्या गाडीच्या प्लसला, काळी दुसऱ्या गाडीच्या मायनसला आणि शेवटचं टोक आपल्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब, कारण शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो. धक्का फक्त गिअरवाल्या गाडीला, दुसऱ्या गिअरमधे, इग्निशन ऑन ठेवून. सेल्फ पूर्ण मेला असेल तरी धक्क्याने गॅरेजपर्यंत पोचता येतं, तिथे जंप काही कामाची नाही. ऑटोमॅटिकला धक्का देऊ नका.

बॅटरीच निघाली तर घरी येऊन बसवणारा सोयीचा, फक्त त्याच्याकडून लोड टेस्ट (भार टाकून बॅटरी तपासणं) आधी करून घ्या, जुनीचे पैसे वजा करायला सांगा, बॅटरीवरची तारीख वाचा, आणि गाडी स्टार्ट-स्टॉपवाली (सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू करणारी) असेल तर साधी न घेता ईएफबी किंवा एजीएम या प्रकारातली, कंपनीने दिलीय तीच. सेल्फ निघाला आणि गाडी वॉरंटीत असेल तर सर्व्हिस सेंटर, नसेल तर माझं मत वायरमनकडे, कारण तो कार्बन, बुश बदलून देतो आणि सर्व्हिस सेंटरला बरेचदा अख्खा सेल्फच बदलायचा असतो.

नवी बॅटरी बसवली तरी बसवणाऱ्याला तसंच जाऊ देऊ नका. इंजिन चालू ठेवून टर्मिनलवर व्होल्टेज बघायला लावा, 13.8 ते 14.4 च्या आसपास आलं पाहिजे, 12 च्या घरातच राहिलं तर अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) चार्ज करत नाहीये आणि ही नवी बॅटरीही उतरणारच.