काठावरच्या साखरेला आधी गोळी की आधी पाठपुरावा?

नव्याने दवाखाना टाकलेल्या डॉक्टरमित्रांपुढे असा पेशंट रोज बसलेला असतो. मधुमेह अजून झालेला नाही, पण साखर त्याच्या काठावर आहे. एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी) ६.१, बीपी थोडं वर, पोट सुटलेलं, वडिलांना मधुमेह. अशा वेळी मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी सुरू करावी, की खाणं-चालणं-वजन यावर नीट बोलून त्याला दर महिन्याला बोलवावं? मी दोन्ही रीतींनी काम केलं आहे आणि माझा कल आता एका बाजूला आहे. तुमची ओपीडी वेगळी असेल, तर उत्तरही थोडं वेगळं येऊ शकेल.

अमेरिकेतल्या डीपीपी (डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम) अभ्यासाचे २००२ चे आकडे आपल्याला पाठ असतात. जीवनशैलीतल्या बदलाने मधुमेहाचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिनने ३१ टक्क्यांनी. पण तिथे प्रत्येकाच्या मागे प्रशिक्षक होता, सुरुवातीलाच १६ बैठका होत्या आणि ७ टक्के वजन उतरवायचं ठरलेलं होतं. संध्याकाळी बाकांवर पेशंट दाटीने बसलेले असताना यातलं काय जमणार? म्हणून मला चेन्नईचा इंडियन डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम, म्हणजे डॉ. ए. रामचंद्रन यांचा २००६ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास जास्त जवळचा वाटतो. त्यात ५३१ जण होते. तीन वर्षांत फक्त नेहमीचा सल्ला मिळालेल्या गटातल्या ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला. जीवनशैलीच्या गटात हे प्रमाण ३९.३ टक्के राहिलं, मेटफॉर्मिनच्या गटात ४०.५ आणि दोन्ही दिलेल्यांत ३९.५. थोडक्यात, आपल्या माणसांत दोन्ही उपाय बरोबरीचे ठरले आणि एकत्र देऊनही जास्तीचं काही हाती लागलं नाही. गोळीही दिवसाला जेमतेम ५०० मिलिग्रॅम होती. तेव्हा आकडे दाखवून कुणी मेटफॉर्मिनला नावं ठेवू नयेत. ती स्वस्त आहे, जुनी आहे, आणि सुरुवातीचे गॅस-जुलाब सोडले तर बहुतेकांना सोसते.

माझा निर्णय झाला तो वेगळ्याच कारणाने. गोळी लिहिली की पेशंट यायचा बंद होतो. चिठ्ठी घरात जपून ठेवलेली असते, मेडिकलमध्ये रिकामी स्ट्रिप दाखवली की नवी मिळते, आणि दोन-दोन वर्षं तेच चालू राहतं. विचारलं तर उत्तर येतं, ‘शुगरची गोळी चालू आहे ना, डॉक्टर.’ मध्यंतरी वजन वाढलेलं असतं, बीपी १५०च्या पुढे गेलेलं असतं, मिश्री सुटलेली नसते, आणि यातलं काहीच कुणी पाहिलेलं नसतं. वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्याचं बी-१२ जीवनसत्त्व उतरू शकतं. आपल्याकडच्या शाकाहारी घरांत ते आधीच बेताचं असतं, आणि पायांना मुंग्या यायला लागल्यावर कुणाला तरी त्याची आठवण होते. हे पुन्हा पुन्हा पाहिलं आणि माझं मन ठरलं. दोष औषधाचा नाही. पण काठावर असलेल्या माणसाला ‘उपचार चालू आहेत’ असं वाटणं मला फार महागाचं वाटतं.

कारण मला काळजी साखरेइतकीच हृदयाची असते. डीपीपीतल्या लोकांचा वीसहून अधिक वर्षं मागोवा घेतल्यावरही मेटफॉर्मिनने हृदयविकाराचे मोठे झटके कमी झालेले दिसले नाहीत. खरं तर जीवनशैलीच्या गटातही दिसले नाहीत, हेही मान्य करायला हवं. चीनमधल्या दा-छिंगच्या अभ्यासात मात्र, ज्यांना खाण्यापिण्याचं आणि व्यायामाचं मार्गदर्शन मिळालं होतं त्यांच्यात, ३० वर्षांनी हृदय आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे आजार सुमारे २६ टक्क्यांनी कमी आढळले. दोन्ही निकाल शेजारी ठेवले तर माझ्यापुरता अर्थ असा की हृदय वाचतं ते बीपी ताब्यात ठेवून, तंबाखू सोडवून आणि लागेल तिथे वेळेवर स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी, देऊन. ही तिन्ही कामं पेशंट समोर येऊन बसला तरच होतात. दर महिन्याला बोलावण्याचा हाच मोठा फायदा. जागतिक आरोग्य संघटनेचा दक्षिण आशियासाठीचा जोखमीचा तक्ता रक्ततपासणीशिवायही वापरता येतो. फक्त त्यात धूम्रपान मोजलं जातं, मिश्री आणि गुटखा नाही. ते आपणच विचारायला हवं.

बारीक अंगाच्या पेशंटच्या बाबतीत दोन्ही बाजूंनी जपून पावलं टाकावीत. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि एका ब्रिटिश सहकाऱ्याचा फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३, पण शरीरातली चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के आणि सहकाऱ्याची ९.१. म्हणून वजनकाट्याइतकाच मी टेपवर विसंबतो. कमरेचा घेर पुरुषात ९० आणि बाईत ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला की माझं बोलणं वाढतं. आणि बाईचं एचबीए१सी ५.९ आलं तर आधी हिमोग्लोबिन बघतो. लोहाच्या कमतरतेने हा आकडा फुगू शकतो, आणि अशा आकड्यावर सुरू झालेली गोळी पुढे कुणी थांबवत नाही.

मग गोळी कुणाला? आधीच्या गरोदरपणात साखर वाढलेली बाई, खूप जास्त वजनाचा तरुण पेशंट, किंवा एचबीए१सी सहाच्या वर चढतच चाललेला माणूस, यांना मी फार थांबवत नाही. डीपीपीतही मेटफॉर्मिनचा उपयोग तरुण आणि स्थूल लोकांना चांगला झाला होता, साठीच्या पुढच्यांना फारसा नाही. इतरांना आधी चार महिने पाठपुरावा, मग गरज पडली तर गोळी. चेन्नईच्याच डी-क्लिप अभ्यासाची रीत साधारण अशीच पायरीपायरीची होती. त्यात मधुमेहाचं प्रमाण ३२ टक्क्यांनी घटलं, पण ७२ टक्के लोकांना पुढे मेटफॉर्मिन लागलंच. तेव्हा पाठपुराव्याने गोळी कायमची टळते असं पेशंटला सांगू नये. एवढंच की ती सुरू होते तोवर त्याला दर महिन्याला यायची सवय लागलेली असते.

अडचण वेळेची, हे खरं. पहिल्या भेटीला मला पंधरा मिनिटं लागतात, नंतर पाच पुरतात. ‘भात बंद’ असं मी सांगत नाही, ते कोकणात किंवा भंडाऱ्याकडे टिकणार नाही. वाटी ठरवून देतो, आणि उपवासाच्या दिवशीच्या साबुदाण्यावर वेगळं बोलतो. आठवण करून द्यायला कंपाउंडरचा एक फोन किंवा मोबाइलवरचा संदेश पुरतो. २०१३ साली भारतीय पुरुषांवर झालेल्या एका चाचणीत नुसत्या एसएमएसनी दोन वर्षांत मधुमेह होणाऱ्यांचं प्रमाण २७ वरून १८ टक्क्यांवर आलं होतं. ज्यांच्याकडे कंपाउंडरही नाही, त्यांनी गावच्या आशाताईंना विचारावं. तिशीपुढच्या लोकांचे जोखमीचे फॉर्म त्यांनी भरलेले असतात, आणि कोण आलं नाही हे त्यांना आपल्याआधी ठाऊक असतं.