ट्युलिपच्या नावाखाली कांदे विकले, ऑनलाइन कंद घेताना प्लीज सांभाळा

मुलुंडला राहते, गॅलरीच्या ग्रिलमध्ये पंचवीसएक कुंड्या आहेत, त्यामुळे मोबाईलवर सारख्या झाडांच्याच जाहिराती येतात. दिवाळीच्या आधी अशीच एक आली, १२ रंगांचे ट्युलिप, त्यात निळासुद्धा, सोबत ४ अमॅरिलिस लिली, सगळं मिळून १४५० रुपये आणि खाली लिहिलेलं की मुंबईच्या हवेत हमखास फुलतात. कॅश ऑन डिलिव्हरी नव्हतं. मी यूपीआयने पैसे भरले.

जाळीच्या पिशवीत बोराएवढे लालसर कंद आले. माती, कोकोपीट, शेणखत असं छान मिक्स करून लावले, आठवड्याभरात कोंब दिसले तेव्हा घरभर सांगत सुटले होते. महिन्याने सासूबाई गावाहून आल्या, त्यांनी एक पात तोडली, चिमटीत चुरडली आणि माझ्या नाकाशी धरली. "अगं, ही कांद्याची पात आहे." बघितलं तर आतून पोकळ नळी. सांबारात घालतात ना, ते छोटे कांदे! आणि लिलीच्या गड्ड्यांना काय आलं, तर अळू.

विकणाऱ्याला फोटो पाठवले तर म्हणे, मॅडम पहिल्या वर्षी नुसती पानंच येतात, फुलं पुढच्या वर्षी. या वाक्याचा मला सगळ्यात जास्त संताप येतो, कारण साडी खराब निघाली तर त्याच दिवशी कळतं, पण कंद मातीत गाडलेला असतो, कळेपर्यंत महिना-दोन महिने जातात, तोवर रिटर्नची मुदत संपते. दुसऱ्या मेसेजनंतर त्याने नंबर ब्लॉक केला.

नंतर जे वाचलं ते आधी वाचायला हवं होतं. ट्युलिपच्या कंदाला फुलण्याआधी साधारण १२ ते १४ आठवडे थंडी लागते, ९ अंशांच्या खाली, आणि आपल्याकडे जानेवारीतसुद्धा पहाटे १६-१७ असतं. म्हणजे खरा कंद असला तरी आधी फ्रीजमध्ये ठेवावा लागतो, तेही सफरचंद-केळ्यांपासून लांब, कारण पिकणाऱ्या फळांच्या गॅसने आतली कळी मरते. आणि खरा निळा ट्युलिप नसतोच, फार तर जांभळट. ट्युलिपचं पान रुंद, चपटं असतं, अमॅरिलिसचं पट्ट्यासारखं लांब, पण तेही चपटंच. त्यामुळे पात पोकळ निघाली तर पुढची वाट बघूच नका.

आपल्याकडे निशिगंध, रेन लिली, सोनटक्का, कर्दळ मस्त येतात. शेजारच्या काकूंची फुटबॉल लिली वर्षभर विसरलेल्या कुंडीत पडून असते आणि मे-जूनमध्ये लाल गोंडा वर काढते. कंद हातात घेऊन घ्या, घट्ट आणि वजनदार हवा, बुडाशी मऊ किंवा बुरशी लागलेला नको. अमॅरिलिस तर मुठीएवढा बघून घ्यावा आणि मान मातीच्या वर ठेवून लावावा. निशिगंधाचे अगदी बारके कंद स्वस्त मिळतात पण त्यांना त्या वर्षी बहुतेक दांडा येत नाही, हे नर्सरीवाले आपणहून सांगत नाहीत.

मी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, पैसे अजून आले नाहीत. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ आहे का असं विचारलं होतं, तो मी काढला नव्हता. तुम्ही काढा, आणि ती जाहिरात दिसते तेव्हाच तिचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा, माझ्या वेळची आता सापडतच नाहीये.