नको ते दृश्य झाकायचंय: बांबू, खोटा अशोक, पडदावेल की कामिनी?

समोरची पत्र्याची शेड असो, पाण्याच्या टाक्या असोत की एसीच्या यंत्रांची रांग, आडोशाची झाडं बहुतेक वेळा कुंपणाला चिकटूनच लावली जातात. झाड निवडण्याआधी या जागेचाच विचार करावा. उभ्या माणसाची नजर साधारण 5 फुटांवर असते. 50 फुटांवरची 20 फूट उंच शेड झाकायची असेल, तर तुमच्यापासून 40 फुटांवर, म्हणजे कुंपणाजवळ, 17 फुटी झाड लागतं. तेच झाड 10 फुटांवर लावलं तर 8 फूट पुरतात. बसून पाहणार असाल तर त्याहूनही थोडं कमी. वरच्या मजल्याच्या गॅलरीतून मात्र हा हिशेब लागू पडत नाही, कारण तिथली नजरच आडोशाच्या वरून जाते.

17 फुटांचा आडोसा हवा असेल तर बांबू आणि खोटा अशोक यांना पर्याय फारसा नाही. 8 फुटांत भागत असेल तर चित्र बरंच बदलतं.

बांबूची खरी ताकद वेगात आहे. जमलेल्या बेटातून (बांबूच्या झुबक्यातून) निघालेला कोंब एकाच हंगामात आपली पूर्ण उंची गाठतो आणि नंतर ना उंच होतो ना जाड. फक्त बेटानं वाढणारी जातच घ्यावी. मुळं पसरत धावणारी जात घेतलीच, तर 2 ते 2.5 फूट खोल चर खणून जाड प्लास्टिकचा पत्रा उभा पुरावा लागतो आणि त्याची कड जमिनीवर 2 इंच ठेवावी लागते. ती कड मातीखाली गेली की मुळं तिच्यावरून पलीकडे जातात. पाचोळा बाराही महिने पडतो, पन्हाळी तुंबतात. ते एक वेळ चालवून घेता येईल.

खोटा अशोक जागा कमी खातो, सरळ वाढतो, 4-5 फुटांवर एक लावला की भागतं. फळं धरली की वटवाघळं येतात आणि खाली बियांचा सडा पडतो.

माझं मन या दोघांवरून उतरलं ते मात्र दुसऱ्याच गोष्टीमुळे: दोन्ही बुंध्याशी उघडे पडतात. झाड वर जातं तसा शेंड्याचा पालाच खालच्या फांद्यांचा उजेड अडवतो आणि सावलीतली पानं झाड स्वतःच गाळून टाकतं. बांबूचा पाला वर सरकतो, खाली नुसत्या काठ्या उरतात. अशोक दाटीत लावले तर आतल्या बाजूच्या खालच्या फांद्या वाळतात आणि मग जुन्या खोडावर हवी तशी फूट येईलच असं नाही. म्हणजे शेडचं छप्पर झाकलं जातं आणि तिच्या पायथ्याचा कचरा बरोबर नजरेसमोर राहतो. मग तो झाकायला पुढे आणखी एक रांग लावा.

पडदावेलीचं असं होत नाही, ती वरून थेट जमिनीपर्यंत लोंबते. माती टाकायला जागाच नसेल तर तीच घ्यावी. पण तिला वर भक्कम आधार लागतो आणि आत वाळलेल्या वेलांचा थर साचत जातो. बाहेरून हिरवी, मागून तपकिरी. दरवर्षी आतून विरळ केली नाही तर ते ओझं आधाराला वाकवतं.

राहिली कामिनी. हळू वाढते हे खरं, 8 फुटांना तीन-चार वर्षं धरावीत. घाई असणाऱ्याला मी तिचा आग्रह करणार नाही. पण छाटणी ती आनंदानं सोसते, थोड्या सावलीतही तग धरते आणि खालपासून भरलेली ठेवता येते. मात्र हे पहिल्या वर्षीच साधावं लागतं. नर्सरीतलं रोप बहुधा एका दांडीवर वर झुपका असं असतं. 2.5 फूट अंतरानं लावून, रुजून नवी पालवी आली की ते सरळ एक-दीड फुटावर कापावं. जिवावर येतं, पण शेंडा गेला की खालचे डोळे, म्हणजे दांडीवरचे फुटीचे कोंब, फुटतात. नवी फूट वीतभर झाली की तिचा तिसरा हिस्सा खुडावा आणि पुढच्या प्रत्येक फुटीला तेच करावं. थेट उंची गाठू दिली आणि मग बाजू कापल्या, तर तीही अशोकासारखीच उघडी पडते.

छाटताना पायथा 3 फूट रुंद असेल तर माथा 2 फूट ठेवावा, म्हणजे खालच्या पानांना ऊन मिळतं. माळ्याची कात्री नेमकी उलटी चालते, कारण माथ्याची फूट जोमदार असते आणि हात तिथवर नीट पोचत नाही. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोह कमी पडतंय असं समजावं. जड, म्हणजे क्षारांच्या पाण्यावर हे हटकून होतं. चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना सहज घेता येईल अशा रूपातलं लोह, द्यावं आणि आळ्यात पाणी साचू देऊ नये.

बागेत लिंबू किंवा संत्री असतील तर मात्र थांबा. सिट्रस सायला ही कीड कामिनीच्या कोवळ्या फुटीवर पोसली जाते, तिथून लिंबावर जाते आणि लिंबू-संत्र्याची झाडं खंगवणारा ग्रीनिंग रोग पसरवते. सततच्या छाटणीनं कोवळी फूट तर सारखीच येत राहणार. अशा बागेत त्याच अंतरावर तगर लावावी आणि तिलाही पहिल्या वर्षी तसंच खाली कापावं.