तास, कोठार की ऊन-सावली? चिंध्यांच्या लॉग केबिनची मांडणी ठरवताना

लॉग केबिन तऱ्हेच्या वाकळेचे साठ ब्लॉक, म्हणजे चिंध्यांचे शिवलेले चौकोन, तयार होतात तेव्हा हात थांबतो. ब्लॉक तेच, पण मांडणी बदलली की वाकळ पार वेगळी दिसते. एकदा जोडले की उसवायला जीव होत नाही, म्हणून आधी नीट ठरवावं. आमच्या आर्वीच्या बाजूला ज्या बाया घरी शिवणकाम करतात, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

लॉग केबिन म्हणजे ओंडक्यांचं घर. मधे एक चौकोन, त्याभोवती पट्ट्या. लगतच्या दोन बाजू फिक्या, उरलेल्या दोन गडद. अमेरिकेत १८६० नंतर ही तऱ्हा फार पसरली. मधला चौकोन लाल ठेवला तर ती घरातली चूल, असं तिकडे मानतात. ब्लॉक तिरपा अर्धा उजळ आणि अर्धा काळसर होतो, आणि तो कोणत्या अंगाने ठेवता त्यावर सगळं चित्र उभं राहतं.

माझं माप असं: मधला चौकोन अडीच इंच कापायचा, पट्टी दीड इंच रुंद, शिवण पाव इंच. तीन फेरे झाले की ब्लॉक शिवून ८ इंच भरतो. ६ आडवे, १० उभे लावले की ४८ बाय ८० इंच, म्हणजे एका बाजेची वाकळ. प्रत्येक फेऱ्याला आधी फिकी पट्टी लावली तर एका ब्लॉकला फिकी पट्टी ३० इंच आणि गडद ३६ इंच लागते. गडद बाहेरून येते म्हणून तिला जास्त. साठ ब्लॉकांना हा हिशोब फिक्याचा सुमारे ४६ मीटर आणि गडदचा ५५ मीटर होतो. पट्टी दीड इंचाची, म्हणून हे सगळं कातरणातून निघतं.

आपल्याकडे गडद कधी कमी पडत नाही. लग्नसराईत ब्लाउजच्या अस्तराचं मरून, बाटली हिरवं, जांभळं ढिगाने साचतं. कमी पडतं ते फिकं. त्यासाठी जुनी धोतरं, विरलेल्या चादरी, गड्यांचे बारीक चौकड्यांचे शर्ट जपून ठेवा. टेरिकॉट आणि सिंथेटिक साडी यात मिसळू नका. सुती कापडाशेजारी ती सरकते, इस्त्रीची घडी धरत नाही. आणि लाल अस्तर आधी पाण्यात भिजवून बघा. पहिल्याच धुण्यात धोतराची पट्टी गुलाबी झाली तर ती पुन्हा पांढरी होत नाही.

आता मांडण्या. पहिली स्ट्रेट फरो, म्हणजे सरळ तास, वावरातली नांगराची ओळ. कपाशीच्या काही ओळींनंतर तुरीची एक ओळ येते, तसे इथे फिके-गडद तिरपे पट्टे एकाआड एक जातात. एक ब्लॉक सरळ, शेजारचा उलटा, खालच्या ओळीत पुन्हा उलटपालट. ब्लॉक सम असोत की विषम, ७ बाय ९ सुद्धा चालतात. ओळ-ओळ जोडत जाता येते, त्यामुळे घरात जागा कमी असली तरी अडत नाही. मला स्वतःला हीच सगळ्यात आवडते. पण हिला कपडा नीट वेगळा केलेला लागतो. माझ्या पहिल्या वाकळेत मी खाकी आणि भगवं कापड कधी फिक्यात, कधी गडदात घातलं. त्या जागी तास तुटलं, आणि नजर दरवेळी तिथेच जाते.

दुसरी बार्न रेझिंग: गावाने मिळून कोठार उभारायचं, त्यावरून हे नाव. मधून बाहेर एकात एक मोठे शंकरपाळे उमटतात. लांबून हिच्यासारखी शोभा कशालाच नाही. मधला भाग नेमका मधोमध यायला दोन्हीकडून ब्लॉक सम लागतात. शिवाय सगळे ब्लॉक तयार करून एकदम मांडावे लागतात. छपरी सारवून कोरडी झाली की दुपारभर अडवून ठेवा, लेकरांना आणि कोंबड्यांना बाहेर काढा. हिचा मोठा फायदा मला उशिरा कळला. ज्या ब्लॉकांत फिका-गडद फरक कमी आहे ते कडेला सरकवता येतात आणि उठावदार ब्लॉक मधे ठेवता येतात. कापड विसंगत असेल तर तासापेक्षा हीच बरी.

तिसरी ऊन-सावली, सनशाइन अँड शॅडो. चार ब्लॉकांचे गडद कोपरे एकत्र आणले की मधे काळसर शंकरपाळा होतो, आणि असे चौघे-चौघे जोडत गेलं की त्यांच्यामधे उजळ शंकरपाळे आपोआप तयार होतात. हिवाळ्यापर्यंत थोडं-थोडं कातरण गोळा करणाऱ्या बाईला ही सोयीची, कारण चार ब्लॉक झाले की जोडून ठेवता येतात. दिसायला मात्र तासाचा वेग हिच्यात नाही.

कोणतीही निवडा, ब्लॉक मांडून मोबाइलवर ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढा. डोळ्याला भडक वाटणारं लाल त्यात गडद निघतं, आणि कोणता ब्लॉक चुकला ते लगेच कळतं.

आत मात्र नेहमीच्या वाकळेसारखे जुन्या लुगड्यांचे चार-पाच थर भरू नका. शिवणींमुळे वरचा थरच जाड झालेला असतो, धावदोऱ्याची सुई जात नाही. एक विरलेलं लुगडं आत, एक पाठीला, आणि ब्लॉकच्या कोपऱ्या-कोपऱ्याला पक्क्या दोऱ्याची गाठ. तिकडच्या बायाही अशा गाठी मारत आल्या आहेत.

लांब पट्टी कमी पडली तर दोन तुकडे जोडून एक करा. अडीच इंचापेक्षा आखूड तुकडा ब्लॉकात बसत नाही, तो उशीत भरा. सोळा ब्लॉक उरले तर ४ बाय ४ लावून ३२ इंचाचं बाळाचं पांघरूण होतं, चार उरले तर उशीचा अभ्रा.