आयर्नवुल्फ आणि रेड प्लस, ४ टीबी : कपाटावरची दोन वर्षं

ठाण्याच्या आमच्या घरात कपाटाच्या डोक्यावर सिनॉलॉजीचा दोन खणांचा नॅस आहे, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेला हार्ड डिस्कचा डबा. त्यात बाबांची भजनं आहेत, कॅसेटवरून एकेक करून उतरवलेली. देवरुखच्या घराचे फोटो, दोन्ही पोरांचे जन्मापासूनचे व्हिडिओ, सगळं मिळून पावणेदोन टीबी. हे लिहितेय ते त्यातल्या आयर्नवुल्फ आणि रेड प्लस या दोन हार्ड ड्राइव्हबद्दल, कारण पहिल्या खेपेला मी सपशेल चुकले होते.

तेव्हा लॅमिंग्टन रोडवर गेले आणि ४ टीबीच्या दोन हार्ड डिस्क मागितल्या. दुकानदार म्हणाला, "ताई, सगळ्या सारख्याच. ही घ्या, हजाराने स्वस्त." घेतल्या. डेस्कटॉपवाल्या होत्या, कंपनीचं नाव राहू दे. फोटोंचा मोठा फोल्डर टाकला की सुरुवातीला सेकंदाला ११० एमबी, मग धाडकन पंधरा-वीसवर. मला वाटलं राउटर गंडलाय. राउटर बदलला. (जुना शेजारच्या काकांना दिला, तो अजून मजेत चालतोय.) सात-आठ महिन्यांनी एका रात्री डबा टीं-टीं करायला लागला: त्याने एक ड्राइव्ह खराब समजून वापरातून बाद केली होती. आई झोपेतून उठून म्हणाली, "कुकर राहिलाय का गं गॅसवर?"

मग खोदून पाहिलं तेव्हा एसएमआर आणि सीएमआर ही भानगड कळली. ज्यांनी कौलांची शाकारणी पाहिलीय त्यांना ती पटकन समजेल. एसएमआर ड्राइव्हमध्ये डेटाचे पट्टे कौलांसारखे एकावर एक चढवून बसवलेले असतात, म्हणून कमी जागेत जास्त मावतं. पण मधलं एक कौल बदलायचं तर वरची ओळ उचलावी लागते. ड्राइव्ह हे काम आधी एका राखीव जागेत ढकलते, ती भरली की बसते हाशहुश करत. सीएमआरमध्ये पट्टे सुटे असतात, ही कटकट नाही. दुसरी गोष्ट, पीसीची ड्राइव्ह खराब सेक्टर (डिस्कवरचा छोटा तुकडा) वाचायला अडून बसू शकते. डब्याला वाटतं ही मेली, आणि तो तिला काढून टाकतो. नॅसची ड्राइव्ह साधारण सात सेकंदांत हात वर करते, मग डबा तोच भाग दुसरीवरच्या प्रतीतून वाचून घेतो, कारण दोन्हीवर सगळं सारखंच लिहिलेलं असतं.

दुसऱ्या खेपेला चष्मा लावून लेबलं वाचली. सीगेट आयर्नवुल्फ एक, डब्ल्यूडी रेड प्लस एक. मुद्दाम दोन कंपन्यांच्या, कारण एकाच खोक्यातल्या जुळ्या बहिणी एकदमच आजारी पडायची भीती. रेड घेताना 'प्लस' बघाच. काही साध्या रेड एसएमआर असल्याचं २०२० मध्ये उघड झालं, बराच गदारोळ झाला आणि त्याच वर्षी कंपनीने सीएमआरवाल्या 'रेड प्लस' नावाने वेगळ्या काढल्या. ४ टीबीत मॉडेल नंबरच्या शेवटी ईएफएएक्स असेल तर ती कौलारू. माझी ईएफपीएक्स आहे.

दोन्ही दहा हजारांच्या घरात पडल्या, वॉरंटी तीन-तीन वर्षं. बिल घेण्याआधी दुकानातच फोनवर सीरियल नंबर टाकून वॉरंटीची तारीख पाहिली. दुकानदाराचं तोंड वाकडं झालं, होऊ दे. नवी म्हणून विकलेली ड्राइव्ह आधी कुठे राबून आलेली असू शकते. २०२५ च्या सुरुवातीला युरोपात सीगेटच्या अशा वापरलेल्या ड्राइव्ह बाजारात सापडल्या, स्मार्टमधले (ड्राइव्ह स्वतःच्या तब्येतीच्या नोंदी ठेवते त्यातले) वापराचे तास पुसून शून्य केलेल्या. त्या तासांसोबत ड्राइव्हमधलीच फार्म नावाची दुसरी नोंद ताडून पाहिली तेव्हा बिंग फुटलं.

घरी आल्यावर भजनं टाकायची घाई केली नाही. दोन्हींची एक्स्टेंडेड स्मार्ट टेस्ट रात्रभर चालवली. सकाळी पाच नंबरची नोंद (बदललेले सेक्टर) आणि १९७ नंबरची (अडकलेले सेक्टर) दोन्ही शून्य, मगच पुढचं काम. आणि हो, ४ टीबी म्हणून घेतलेली ड्राइव्ह ३.६ दिसते म्हणून भांडायला जाऊ नका, तो मोजण्याच्या पद्धतीतला फरक आहे.

आज १९ हजार तास होऊन गेलेत. शून्यं शून्यच आहेत. मे महिन्यात पारा चढला तेव्हा रेड प्लस ४१ अंशांवर होती, आयर्नवुल्फ ४४. आवाजात मात्र आयर्नवुल्फला मार्क कमी: लिहिताना दाणे भरडल्यासारखी कुरकुरते, आणि पोकळ कपाट तिला साथ देतं. डब्याखाली जुना माउसपॅड घातला तेव्हा कुठे आईची झोप सुधारली. प्रो मॉडेल घ्यावं का, असं भावाने विचारलं. पाच वर्षांची वॉरंटी हवी असेल तर घे म्हटलं, वेगासाठी नको. घरच्या गिगाबिट वायरीतून सेकंदाला ११० एमबीच्या वर काही जात नाही. साध्यालाच वर्षाला १८० टीबी वाचण्या-लिहिण्याची मुभा आहे, आमचं दोनही होत नाही.

एवढं करूनही दोन ड्राइव्ह म्हणजे बॅकअप नव्हे. पोरगं एक फोल्डर उडवतं तेव्हा तो दोन्हीवरून एकदमच उडतो. म्हणून भजनांची आणि फोटोंची तिसरी प्रत छोट्या यूएसबी ड्राइव्हवर आहे. ती गणपतीला देवरुखला जाते, भावाच्या कपाटात राहते, आणि आधीच्या वर्षीची माझ्याबरोबर परत येते.