हॅमस्टरचा 'जोडी-सेट' दुमजली पिंजरा: पाचपैकी दोन तारे

दोन तारे देतेय, तेही बाटली गळत नाही आणि खालचा प्लास्टिकचा ट्रे मजबूत आहे म्हणून.

खोक्यावर लिहिलंय 'नवशिक्यांसाठी जोडी-सेट'. आत दुमजली तारेचा पिंजरा, एक चाक, एक घरकुल, एक बाटली आणि कापसासारख्या मऊ गादीचं पाकीट. सोबत दुकानदाराने सोनेरी हॅमस्टरची, म्हणजे उंदरासारख्या छोट्या पाळीव प्राण्यांची, जोडी दिली. "एकटा कंटाळतो हो ताई." इथेच फसले. हा प्राणी मोठा झाला की त्याला सोबत नकोच असते. 8-10 आठवड्यांनंतर दोघांना एकत्र ठेवणं म्हणजे भांडण विकत घेणं. मादी अंगाने थोराड, माजावर नसेल तर नराला फोडून काढते. चौथ्या रात्री गोट्याच्या कानाचा लचका गेला. पळून लपायला दुसरं घरकुल होतं कुठे? त्याला झाकणाला भोकं पाडलेल्या टबात हलवलं आणि म्हटलं, सुटलो.

कसले सुटलो! मादी दर 4 दिवसांनी माजावर येते आणि गाभण राहिली की जेमतेम 16 दिवसांत विते. आम्ही कॅलेंडर बघेपर्यंत चिंगी वरच्या मजल्यावर गादी ओढून नेत होती.

सकाळी नऊ पिल्लं. गुलाबी, डोळे मिटलेले, करंगळीच्या पेराएवढी. आता पिंजऱ्याचे खरे दोष दिसले. वरच्या मजल्याला कठडा नाही. आचळाला लटकलेलं एक पिल्लू आईबरोबर फरफटत आलं आणि खाली पडलं. दुसऱ्याच्या पायाला त्या 'मऊ' गादीचा धागा करकचून गुंडाळलेला. नखं कापायच्या कात्रीने तो सोडवताना माझे हात थरथरत होते. गजांमधल्या फटीतून पिल्लू आरामात बाहेर जाईल, हेही तेव्हाच लक्षात आलं.

आणि चूक माझीही. मी दोन्ही पिल्लं हाताने घरट्यात ठेवली, वर कौतुकाने दहादा डोकावले. चिंगीने घाबरून पिल्लं गालात कोंबली, इकडून तिकडे पळत सुटली. दुसऱ्या दिवशी सात, तिसऱ्या दिवशी पाच. उरलेल्यांचं काय झालं हे मुलाला सांगितलं नाही, पण त्याला कळलं होतं. पहिले दोन आठवडे घरट्याला हात लावायचा नसतो, ही एक ओळ खोक्यावर छापायला काय हरकत होती? 1930 मध्ये सीरियातल्या अलेप्पोजवळ प्राणिशास्त्रज्ञ आहारोनी यांना पकडून दिलेल्या सोनेरी हॅमस्टरच्या मादीनेही आपलं पिल्लू मारलं होतं. म्हणजे ही काही नवी बातमी नाही.

पुढे चौथ्या आठवड्यात नर-मादी वेगळे करावे लागतात, नाहीतर भाऊबहिणींचीच पिल्लं. नंतर प्रत्येकाला स्वतंत्र घर. डॉक्टरांनी विचारलं, "आईबापांपैकी कोणी रोन होतं का?" अंगभर पांढऱ्या केसांची मिसळण म्हणजे रोन. तसे दोघे जुळले तर काही पिल्लं डोळ्यांशिवाय जन्मतात. आमचे दोघे साधे सोनेरी, नशीब. दुकानदाराला फोन केला तर म्हणे, "परत आणून द्या ना, पुन्हा जोड्या लावू."

वरचा मजला काढून टाकलाय, गादीऐवजी कागदाचे तुकडे घालते. तीन पिल्लांना घरं मिळाली. दोन माझ्याकडेच, त्यातलं एक इस्त्रीच्या टेबलाखालच्या टबात. चाक मात्र तेल घालूनही रात्रभर किरकिरतं.